किनवट भागात सामूहिक वनहक्क: निजामकाळचे पुरावे, शिवेचा वाद आणि हक्क मिळाल्यावर जंगल राखायचं कसं?

डोंगरपायथा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. किनवट तालुक्यातल्या एका गावासाठी विचारतोय. गावात गोंड आणि आंध समाज, शिवाय एक बंजारा तांडा. सगळी मिळून दीडशेच्या आसपास घरं. ग्रामपंचायत गटाची आहे, कार्यालय शेजारच्या गावात. गावालगतचं राखीव वन साधारण चारशे हेक्टर भरेल. साग, धावडा, टेंभुर्णी (तेंदू), मधूनमधून मोह आणि चारोळी, वरच्या अंगाला सालई. संयुक्त वन व्यवस्थापन समिती कागदावर आहे, पण जंगल दरवर्षी जळतंच, चारोळी कच्चीच तोडली जाते आणि ओढ्याकडचा भाग घाणेरीने भरलाय.

आता सामूहिक वनहक्काचा दावा करायचं ठरतंय, पण चार ठिकाणी गाडी अडलीय. पहिलं, "समिती आहेच, वेगळा दावा कशाला?" असं सांगितलं जातं. दुसरं, तांड्याकडे ७५ वर्षांचा पुरावा नाही, त्यामुळे त्यांना धरून दावा केला तर तो फेटाळतील अशी भीती आहे. तिसरं, आपल्याकडे निजामाचं राज्य होतं, मग गडचिरोलीवाल्यांसारखी निस्तारपत्रकं (जंगलातून सरपण, चारा वगैरे घेण्याच्या गावाच्या हक्कांच्या जुन्या नोंदी) आणायची कुठून? चौथं, उत्तरेच्या पाणवठ्यावर शेजारचं गावही हक्क सांगतं. आणि उद्या पट्टा (हक्क मंजूर झाल्याचा कागद) मिळालाच तर पहिल्या वर्षी नेमकं काय करायचं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

गावशीव

संयुक्त वन व्यवस्थापन समिती उभी आहे १९९२ च्या शासन निर्णयावर. शासन निर्णय बदलता येतो, रद्दही करता येतो. त्यात जमीन आणि निर्णय दोन्ही वनखात्याच्या हातात राहतात. सामूहिक वनहक्क मिळतो २००६ च्या वनहक्क कायद्याने. कलम ३(१)(झ), म्हणजे इंग्रजी प्रतीतलं आय, यात जंगलाचं संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क थेट गावाला दिलाय. कलम ५ प्रमाणे जंगलाचं नुकसान करणारी कृत्यं थांबवण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. समिती असल्याने दावा करता येत नाही असं कायद्यात कुठेही नाही. उलट त्या समितीचा जुना सूक्ष्म आराखडा (गावाच्या जंगलातल्या कामांची योजना) शोधून काढा. याच कायद्याखालच्या नियमांत, नियम १३ मध्ये, पुराव्यांच्या यादीत सूक्ष्म आराखडा नावानिशी आहे. गाव हे जंगल वापरतं आणि राखतं, हे वनखात्याच्याच कागदावर लिहिलेलं सापडेल.

आता ग्रामसभा. सगळ्यात जास्त दावे इथेच ठेचकाळतात. गट ग्रामपंचायतीच्या कार्यालयात भरलेल्या ग्रामसभेचा ठराव चालत नाही. ग्रामसभा त्या गावाची हवी, आणि गाव पेसाखाली (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांचा कायदा) असेल तर पाड्याचीही होऊ शकते. गणपूर्ती निम्म्या सभासदांची, हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश बाया. सह्या-अंगठे सभा चालू असतानाच घ्या. नंतर घरोघर फिरून जमवलेल्या सह्या तपासणीत लगेच ओळखू येतात, कारण सगळ्या एकाच पेनाने आणि मतदार यादीच्या क्रमाने असतात.

दावे तपासायला ग्रामसभेने निवडायची वनहक्क समिती १० ते १५ जणांची, दोन तृतीयांश आदिवासी, एक तृतीयांश महिला. तांड्याची माणसं त्यात घ्याच. ७५ वर्षांच्या भीतीचं उत्तर खुद्द अर्जात आहे: सामूहिक वन संसाधनाचा नमुना 'क' उघडून बघा, गावात थोडे आदिवासी किंवा पारंपरिक वननिवासी असले तरी दावा करता येतो असं त्यात स्पष्ट छापलंय. दावा ग्रामसभेचा असतो आणि तांडा ग्रामसभेचा भाग आहे. ७५ वर्षांची अट लागते ती बिगर-आदिवासींच्या दाव्याला. तीही त्या परिसरात तीन पिढ्या राहण्याची आहे, तेवढी वर्षं जमीन कसल्याची नव्हे. तांड्याला बाहेर ठेवून केलेला दावा कागदावर मंजूर होईलही, पण कुऱ्हाडबंदीचा नियम करताना अर्धं गाव "आम्हाला कुणी विचारलं?" म्हणेल, आणि ते बरोबरच असेल.

नकाशे विकत घेत बसू नका. नियम ६ प्रमाणे वन आणि महसूल नकाशे व मतदार याद्या ग्रामसभेला देणं हे प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या उपविभागीय समितीचं काम आहे. प्रांत कार्यालयाला ग्रामसभेचं पत्र द्या आणि पोच घ्या. नकाशावरून कक्षांचे (वनखात्याने पाडलेल्या जंगलाच्या तुकड्यांचे) क्रमांक उतरवून घ्या आणि कुठला कक्ष पैनगंगा अभयारण्यात येतो का तेही बघा. अभयारण्यातही हक्क मिळतो, पण तसं दाव्यात लिहिलेलं असावं.

जुनंदप्तर

पुराव्याबद्दल. निस्तारपत्रक हा मध्य प्रांताचा कागद, तो आपल्याकडे शोधून उपयोग नाही. पण नियम १३ मध्ये संस्थानांच्या काळातले नकाशे, हक्कनोंदी, सवलती हेही पुरावे म्हणून दिलेत, आणि हैदराबाद संस्थानच होतं.

बरेच जण नांदेडच्या अभिलेख कक्षात १९५६ पूर्वीचं काही मिळत नाही म्हणून निराश होतात. कारण साधं आहे: किनवट तालुका तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो, आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर मंडळ, इकडे आलं. म्हणून जुने कागद आदिलाबादच्या नावाने शोधावे लागतात. काही तिकडच्या जिल्हा दप्तरात, काही हैदराबादच्या राज्य पुराभिलेखागारात. मागताना तालुका-जिल्हा जुना लिहा आणि वर्ष फसलीत, म्हणजे निजामाच्या दप्तरातल्या सनात. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो. १३५५ फसलीचा हैदराबाद वन कायदा म्हणजे १९४५ चा. जंगल राखीव केल्याची अधिसूचना निजाम सरकारच्या राजपत्रात, म्हणजे 'जरीदा'मध्ये मिळते, आणि तिच्यात हद्दीचं वर्णन असतं. उर्दू कागदाची नक्कल घेतली की सोबत भाषांतर जोडा, नाहीतर फाईल तिथेच बसते.

१९४० च्या जोडेघाटच्या संघर्षानंतर (कुमराम भीमच्या नेतृत्वाखालचा गोंडांचा उठाव) आदिलाबाद जिल्ह्यात गोंड-कोलामांना जमिनीचे पट्टे दिले गेले. एखाद्या घरात असा कागद पेटीत असेल तर गावाचं वास्तव्य सिद्ध करायला सोनं आहे. १९५४-५५ चं खासरा पत्रक (जमिनीची सर्व्हे नंबरवार नोंद) तर तहसीलमध्येच मिळेल.

कागद मिळालेच नाहीत तरी दावा पडत नाही. एकाहून जास्त पुरावे हवेत, पण अमुकच कागद आणा असा आग्रह समितीला धरता येत नाही. ज्येष्ठांचे जबाब चालतात. मात्र "आम्ही पूर्वीपासून जंगलात जातो" असा मोघम जबाब कुचकामी. कुठल्या ओढ्याच्या काठचा मोह कुठल्या घराण्याचा मानला जातो, गुरं कुठे बसतात, पेनठाणा (गोंडांचं देवस्थान) कुठे, स्मशान कुठे, डिंकाला कुठल्या माळावर जातात, हे जागेच्या नावानिशी लिहा आणि तीच नावं नकाशावर दाखवा. वनगुन्ह्याच्या दंडाच्या जुन्या पावत्याही जोडा, माणूस तिथे जात होता याची ती सरकारी नोंद आहे.

गावशीव

शिवेच्या वादाचं राहिलं. मोजणीला निघण्याआधी शेजारच्या गावाच्या वनहक्क समितीला लेखी बोलावणं द्या. नियम १२(३) प्रमाणे दोन्ही समित्यांनी एकत्र बसून कोण काय वापरतं ते लिहून आपापल्या ग्रामसभेला द्यायचं असतं. मिटलं नाही तरच उपविभागीय समितीकडे जायचं. पाणवठ्यासारखी जागा वाटून रेघ मारू नका. दोन्ही दाव्यांत "सामाईक वापर" अशी नोंद करा; दोन्ही नकाशांत तो तुकडा सारखाच दिसला पाहिजे.

शीव चालताना मोबाईलचा जीपीएस उघड्यावर तीन ते पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, दाट सागाखाली त्याहून जास्त. म्हणून नुसता ट्रॅक चालू ठेवून चालू नका. जिथे शीव वळते, ओढे मिळतात, हद्दीचा दगड आहे, तिथे दोन मिनिटं थांबून बिंदू घ्या, त्याला नाव द्या, फोटो काढा. पानगळीनंतर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, आकडे चांगले येतात.

पडताळणीची नोटीस वन आणि महसूल दोघांना द्या. कुणी आलं नाही आणि नंतर त्याच कारणाने हरकत घेतली, तर दावा फेरपडताळणीला परत येतो. दुसऱ्यांदाही ते आले नाहीत तर नियम १२क प्रमाणे पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. म्हणून दोन्ही नोटिसांची पोच जिवापाड जपा. दावा नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. ते हाती आल्यापासून ६० दिवसांत अपील.

पळसपान

पट्टा मिळाल्यावर पहिल्या वर्षी रोपं लावायची घाई करू नका. जे जंगल दरवर्षी जळतं तिथे लावलेलं रोप दुसरा उन्हाळा बघत नाही. आधी आग.

आग लागते कुठून ते पाहा. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, आणि टेंभुर्णीला कोवळी पानं यावीत म्हणून जमीन जाळतात. दोन्हीला पर्याय आहे. मोहाखालचा पाला खराट्याने ओढून खोडापासून दूर गोळा करा, किंवा फुलं गळायच्या दिवसांत जुनी शेडनेट अंथरा. फुलाला माती लागत नाही, भावही बरा येतो. टेंभुर्णीला जाळण्याऐवजी फेब्रुवारी-मार्चमध्ये खूटकटाई करा. जमिनीलगत धारदार विळ्याने कापलेल्या झुडपाला साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत तोडण्याजोगं पान येतं. हे करणाऱ्याला मजुरी मिळाली पाहिजे, नाहीतर काडेपेटी फुकट असते.

जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) वनखात्याच्या आगीच्या हंगामाआधी, म्हणजे १५ फेब्रुवारीच्या आत तयार हवी. तीन ते पाच मीटर रुंद, गावच्या वाटा आणि ओढे जोडत. गवत डिसेंबरमध्ये कापा, वाळू द्या, आणि जानेवारीत वारा पडलेला असताना, सकाळी दव असतानाच, वनरक्षकाला कळवून जाळा. दोन्ही कडांना हिरव्या फांद्या घेऊन माणसं उभी हवीत. इथे एक गोष्ट हमखास चुकते. सागाची पानगळ त्यानंतरही चालू राहते, मार्चपर्यंत रेषा पुन्हा पानांनी भरते आणि आग आरामात ओलांडून जाते. म्हणून मार्चमध्ये एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा झाडणं आलंच. त्याची मजुरी आराखड्यात आधीच धरा.

घाणेरी वरवर छाटली की दुप्पट फुटते. बुंध्याखाली चार बोटं जमिनीत कुदळ घालून मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं टाकायचं, मुळं वर. फळं पिकायच्या आत करा. एका दमात सगळा ओढा उघडा करू नका, माती वाहून जाईल. वरून खाली पट्ट्यापट्ट्याने या. पुढची दोन वर्षं पावसाळ्यानंतर रोपटी उपटायला पुन्हा जावं लागतं. ते जमणार नसेल तर अर्धा हेक्टरच घ्या.

चारोळी कच्ची तुटते ती स्पर्धेमुळे: मी नाही तोडली तर दुसरा तोडेल. त्यावर तारखेशिवाय इलाज नाही. ग्रामसभेने झाडं बघून तोडणीची तारीख ठरवावी, त्याआधी आणलेली चारोळी गावात कुणी घ्यायची नाही, फांदी तोडायची नाही आणि प्रत्येक झाडावर थोडी फळं सोडायची. या झाडाची नवी रोपं फार कमी टिकतात. शेजारच्या गावांनीही तीच तारीख धरली तरच हे चालतं.

सागाच्या खुंटाला आलेल्या फुटव्यांतले एक-दोन जोमदार ठेवून बाकी काढले तर झाड सरळ वाढतं. मात्र लक्षात घ्या, साग गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तू) नाही. ही विरळणी आराखड्यात लिहून, वनखात्याला कळवूनच करा. इमारती लाकूड विकण्याचा हक्क या पट्ट्याने येत नाही.

माळरान

चराईबद्दल थोडं. सरसकट चराईबंदी दोन महिनेही टिकत नाही. जिथे फुटवा येऊ द्यायचाय ते कक्ष तीन ते पाच वर्षं बंद आणि बाकी उघडे, असं फिरतं ठेवा. बंद कक्षातलं गवत कापून न्यायला मुभा द्या, म्हणजे लोकच राखण करतात. बाहेरून येणाऱ्या धनगरांच्या मेंढ्यांना नुसतं हाकलता येत नाही. पशुपालकांचा हंगामी वापर याच कायद्याने मान्य केलाय. किती दिवस, कुठली वाट, कुठलं पाणी हे त्यांच्याशी बसून लिहून घ्या.

डोंगरपायथा

मनापासून आभार. तेंदूपत्ता पट्टा मिळाल्याच्या पहिल्याच हंगामात ग्रामसभेने स्वतः विकावा का? ठेकेदार आत्ताच चकरा मारायलेत.

गावशीव

बँक खातं, पॅन आणि हिशेब लिहिणारी दोन माणसं तयार असतील तरच. विक्रीचा ठराव डिसेंबर-जानेवारीत व्हायला हवा. उशीर झाला की पानं तोडायच्या तोंडावर ठेकेदार म्हणेल तो भाव. आपल्याकडे पुडा ७० पानांचा आणि प्रमाण गोणी १,००० पुड्यांची. करारात गोणीचा दर लिहा, आणि "खराब पुडे" म्हणून किती टक्के वगळता येतील तेही लिहाच. सगळी गळती तिथेच होते. अनामत आधी, माल उचलण्यापूर्वी उरलेली रक्कम. चुकारा थेट तोडणाऱ्याच्या खात्यात, आणि घरटी पुड्यांची नोंद रोज संध्याकाळी मोठ्याने वाचून दाखवा. वाहतूक परवाना ग्रामसभेने नेमलेली समिती देऊ शकते, २०१२ च्या सुधारित नियमांत तसं आहे. पावतीपुस्तक अनुक्रमांक घालून छापा आणि नमुना सहीची प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात आधीच देऊन ठेवा, म्हणजे नाक्यावर गाडी अडणार नाही.

एवढी तयारी यंदा होत नसेल तर शेजारच्या दोन-तीन ग्रामसभांसोबत मिळून एकच विक्री करा. चारशे हेक्टरच्या एकट्या गावाकडे मोठा खरेदीदार फिरकत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाकडे २००९ मध्ये सामूहिक वनहक्कात मिळालेलं जवळपास १,८०० हेक्टर जंगल होतं, तो हिशेब इथे लागू पडणार नाही. विक्रीतला किती वाटा आगराखणीच्या मजुरीला जाईल, ते पैसा येण्याआधी ठरावात घाला.