मदत हवी आहे: नाशकात पाणी ९८ लाच उकळतंय, बरोबर आहे का?

नमस्कार मंडळी, सायन्सवाले कुणी असाल तर जरा सांगा. लेक नववीत आहे, रविवारी तिने ओट्यावर प्रयोग मांडला, चहाच्या पातेल्यात पाणी आणि लॅबमधे असतो तसला थर्मामीटर दोऱ्याने झाऱ्याला बांधून वरून सोडलेला, बुडाला टेकू द्यायचा नाही म्हणे. पाणी खळखळ उकळायला लागलं तरी आकडा ९८ च्या पुढे सरकेना. गॅस फुल केला, अजून ५ मिनिटं थांबलो, वाफेने खिडकीची काच धुरकट झाली पण आकडा तिथेच.

पुस्तकात तर १०० आहे. माझा अंदाज असा की १०० हा समुद्रसपाटीचा आकडा आणि आपलं नाशिक पडतं साधारण ६०० मीटरवर, हवेचा दाब कमी म्हणून आधीच उकळतं, दर ३०० मीटरला साधारण १ अंश कमी धरतात तो हिशोबपण जुळतोय. बायकोचं म्हणणं थर्मामीटरच भंगार आहे, मेनरोडवरून स्वस्तातला आणलाय ना. वितळत्या बर्फात बुडवून शून्य दाखवतो का बघितलं तर पुरेल का?

दुसरं म्हणजे गॅस वाढवूनही तापमान वाढलं नाही मग ती उष्णता गेली कुठे असं तिने विचारलं, मी अप्रकट उष्मा सांगून मोकळा झालो, पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते म्हटलं. तर लगेच पुढचा प्रश्न, मग वाफ आणि पाणी दोन्ही ९८ ला असताना वाफेचा चटका जास्त का बसतो? हे सोप्या भाषेत कसं समजवू?