प्रति: एकच सेटिंग मेसेज, तीन फोन, तीन तऱ्हा
प्रश्न असा होता: मोबाइल इंटरनेटची सेटिंग्ज आपोआप भरणारा एकच एसएमएस तीन फोनना पाठवला, तर एका फोनवर सेटिंग बसतं, दुसरा पिन नाकारतो, तिसऱ्यावर काहीच येत नाही. ही दुखणी वेगवेगळी आहेत.

पिन नाकारला जातोय तिथे आधी मॅक (पिन वापरून काढलेला, मेसेजसोबत जाणारा पडताळणी कोड) तपासा. तो डब्ल्यूबीएक्सएमएलच्या (एक्सएमएल मजकुराचं आटोपशीर रूप) बायनरी मजकुरावर एचमॅक-शा१ या पद्धतीने काढतात. मूळ एक्सएमएलवर काढला किंवा नंतर एक बाइट जरी हलला, तर बरोबर पिनही चूक ठरतो. नेटवर्कपिन (टाइप न करता सिमवरून ठरणारा पिन) असेल तर मॅकची किल्ली त्याच सिमच्या आयएमएसआयची (सिमचा ओळख क्रमांक) हवी, तीही सेमी-ऑक्टेट रूपात (एका बाइटमध्ये दोन अंक). सिम बदललं की खेळ खलास!

काहीच दिसत नसेल तर पोर्ट २९४८ (फोन असे मेसेज ज्या क्रमांकावर स्वीकारतो तो) आणि ८-बिट एन्कोडिंग (अक्षरं नव्हे, कच्चे बाइट) बघा. मोठ्या मेसेजचे तुकडे पाडताना दर एसएमएसला १४० नव्हे, १२८ बाइटच धरा. १२ हेडरमध्ये (पोर्ट आणि तुकड्याचा क्रमांक सांगणारा सुरुवातीचा भाग) जातात. मूळ (फोन कंपनीने बदल न केलेलं) अँड्रॉइड आणि आयफोन हे मेसेज घेतच नाहीत. तिथे एपीएन (मोबाइल इंटरनेटच्या जोडणीचं नाव) हातानेच भरा, आयफोनला प्रोफाइलही (सेटिंग्जची तयार फाइल) चालतं.