मदत हवी आहे: जळगावच्या उन्हात कोकेडामा कसे जगवू?

नमस्कार मंडळी. गेल्या पावसाळ्यात चार कोकेडामा बांधले, म्हणजे कुंडीऐवजी मातीच्या गोळ्यात रोप लावून वरून शेवाळ गुंडाळायचं, ही जपानी पद्धत. तिकडे त्यासाठी वापरतात ती चिकट केतो माती इथे कुठे मिळणार? आपली काळी माती, कोकोपीट आणि गांडूळखत मळून घेतलं. मनीप्लांट छान रुजला. पण मार्चपासून शेवाळ तपकिरी पडतंय. रोज सकाळी दहा मिनिटं बादलीत बुडवते, तरी दुपारपर्यंत गोळा खडखडीत! मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की काय होईल, याची धास्तीच वाटते. शेवाळाऐवजी नारळाचा काथ्या गुंडाळला तर चालेल का?

शिवाय खालच्या ताटल्या मीच घडवते, कुंभारदादांच्या भट्टीत भाजून घेते. त्यांतून पाणी झिरपतं, लाकडी फळीवर डाग पडतात. ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) करून द्यायला भुसावळ-धुळ्याकडे कुणाची विजेची भट्टी आहे का?