जिम्नीला २३५/७५ आर१५ घातले. मीटर काट्यावर जुळवायचे की किलोमीटरवर?

घाटवाट_४बाय४

मंडळी, पाच दारांची मारुती जिम्नी (४बाय४) आहे. मूळ टायर १९५/८० आर१५ (रुंदी १९५ मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १५ इंची). रिम तीच ठेवून चारही चाकांना आणि स्टेपनीला २३५/७५ आर१५ ए/टी (ऑल-टेरेन) बसवलेत. लिफ्ट झाली आहे (गाडी उंच केली आहे), घासत कुठे नाही. प्रश्न फक्त मीटरचा.

सपाट रस्त्यावर वेग स्थिर ठेवून घेतलेले आकडे असे: काटा ८० वर असताना जीपीएस ८१-८२, काटा १०० वर असताना १०२. सोलापूर रस्त्याला किलोमीटरचे दगड धरून ४० किमी मोजले, तर ओडोमीटरने ३७.८ दाखवले. मीटरवरचा ॲव्हरेज १४.५ वरून १३.२ वर आला.

मीटरच्या मागे बसणारी करेक्शनची पेटी आणली आहे, तिच्यात टक्के भरायचे असतात. काट्याची चूक दोन टक्क्यांची, किलोमीटरची जवळजवळ सहा टक्क्यांची. मग भरू काय? गॅरेजवाले म्हणतात, दोन भरा, काटा जीपीएसशी जुळला की काम झालं. शिवाय पेटीमुळे एबीएस-ईएसपी (चाक लॉक होऊ न देणारी आणि गाडी घसरू न देणारी यंत्रणा) बिघडणार नाही ना?

स्पॅनर_१३

५.८ भरा. गॅरेजवाल्यांचं ऐकू नका.

आधी हिशेब. १९५/८० आर१५ चा व्यास ६९३ मिमी, २३५/७५ आर१५ चा ७३३.५. भागाकार १.०५८. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी पूर्वीपेक्षा ५.८ टक्के जास्त पुढे जाते. ४० ला १.०५८ ने भागा, ३७.८ येतात. तुमचा ओडोमीटर आणि कागदावरचं गणित दशांशापर्यंत जुळतंय, तेव्हा मोजमापात चूक नाही.

मग काटा दोनच टक्के का चुकतो? कारण काटा कंपनीतूनच थोडा पुढे लावलेला असतो आणि ओडोमीटर तसा नसतो. युरोपच्या आर ३९ नियमात हे स्पष्ट आहे: दाखवलेला वेग खऱ्यापेक्षा कधीही कमी नसावा, आणि जास्त असलाच तर खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ४ किमी एवढ्यापर्यंतच. चूक एकाच बाजूला चालते, म्हणून बनवणारा सावधगिरीने काटा पुढे ठेवतो. तुमच्या मूळ टायरवर काटा ८० दाखवायचा तेव्हा गाडी साधारण ७७ ने पळत असणार. ७७ गुणिले १.०५८ म्हणजे ८१.५. तुमचा जीपीएस हेच सांगतोय. मोठ्या टायरने आधी ती राखीव जागा खाल्ली आणि वर दीड किमी जास्त खाल्ले.

आता दोन टक्के भरून काटा जीपीएसशी जुळवला तर काय होईल बघा. काटा तंतोतंत, पण राखीव जागा शून्य. आणि ओडोमीटर ४० ला ३८.५ दाखवत राहील, कारण पेटी काट्याला आणि किलोमीटरला एकच गुणक लावते. १०,००० किमीची सर्व्हिस खरी १०,३८० च्या आसपास होईल. ५.८ भरलेत तर किलोमीटर खरे होतील आणि काटा कारखान्यातून आला तसा, थोडा पुढे. तोच हवा.

८० आणि १२० चा पीं-पीं इशारा मीटर ज्या वेगावर देतो तोही पेटीनंतर जागेवर येईल. आत्ता काटा ८० च्या खाली असतानाही गाडी ८० ओलांडून गेलेली असते. एक्सप्रेसवेवर १०० ची मर्यादा धरून काटा १०० वर ठेवलात, तर तुम्ही १०२ ने जाताय. कॅमेरा काटा बघत नाही.

ॲव्हरेजचं म्हणाल तर १३.२ ला १.०५८ ने गुणा, १४ येतो. पडलाय अर्धा किलोमीटर, सव्वा नाही.

विजेचा_तुकडा

जोडणीबद्दल बोलतो. पेटीपेक्षा ती कुठे बसते हे जास्त महत्त्वाचं.

या गाडीत वेग चाकांच्या सेन्सरवरून एबीएस-ईएसपीच्या मॉड्यूलमध्ये जातो आणि तिथून कॅनच्या (मॉड्यूलना आपसात जोडणाऱ्या डेटा-लाइनच्या) दोन तारांवरून मीटरला. पेटी फक्त मीटरच्या कपलरपाशी, शेवटच्या टोकाला बसली पाहिजे. चाकाच्या सेन्सरच्या वायरला कोणी हात लावायला निघाला तर गाडी तिथून काढा. एबीएसला चाकांच्या वेगातला आपसातला फरक हवा असतो. चारही टायर एकाच मापाचे असले की तो फरक बदलत नाही. मीटरपाशी बसलेली पेटी एबीएसला दिसतही नाही.

बसवण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि कॅन-हाय ते कॅन-लो असा रोध मोजा. ६० ओहमच्या आसपास यायला हवा, कारण दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर असतात. आता मीटरचा कपलर काढून गाडीच्या बाजूने पुन्हा मोजा. ६० चे १२० झाले, तर एक रेझिस्टर मीटरच्या आत आहे. मग पेटीत गाडीच्या बाजूचा १२० ओहमचा जंपर (तो रेझिस्टर जोडणारी छोटी कडी) चालू हवाच. तो राहिला की मीटरवर अधूनमधून सगळे दिवे एकदम पेटतात, काटा शून्यावर पडून परत वर येतो, आणि लोक मीटर बदलत बसतात. ६० तसाच राहिला तर गाडीच्या बाजूचा जंपर बंद ठेवा.

कॅनची जोडी पिळलेलीच ठेवा. जोडाजवळ पीळ जेवढा कमी सुटेल तेवढा बरा, दोन-तीन सेंमीच्या वर नको. सोल्डर आणि हीटश्रिंक. डासासारख्या तारेत टोचून बसणाऱ्या त्या निळ्या क्लिपा कॅनवर नकोत. आमच्या रस्त्यांवरच्या थरथराटात त्या सैल होतात.

क्रूझ कंट्रोल असेल तर एक गंमत दिसेल. क्रूझ इंजिनच्या ईसीयूच्या (कंट्रोल कॉम्प्युटरच्या) हिशेबाने वेग धरतं आणि ईसीयूला पेटीचा पत्ता नाही. ज्या वेगाला बटण दाबाल तोच टिकेल, पण ठरवलेल्या वेगाचा आकडा काट्याशी जुळेलच असं नाही.

केबलवाले

जुन्या केबलच्या गाड्यांवर हेच दुखणं घेऊन लोक येतात, त्यांच्यासाठी लिहितो. जिप्सीच्या २०५/७० आर१५ च्या जागी २३५/७५ घातले की ६६८ चे ७३३.५ मिमी होतात, जवळजवळ दहा टक्के. मीटरवर ६०, गाडी ६६.

इथे पेटी नाही, दात मोजायचे. ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या डब्यातून) केबलला फिरवणारी छोटी पिनियन, म्हणजे दातांचं चाक, असते. नवे दात म्हणजे जुने दात गुणिले जुना व्यास भागिले नवा व्यास. टायर मोठा झाला की दात कमी होतात. इथे भले भले उलटं करतात आणि चूक दुप्पट होते. समजा २० दात आहेत: २० × ६६८ ÷ ७३३.५ = १८.२. अठरा घेतले तर मीटर सव्वा टक्का जास्त दाखवेल, एकोणीस घेतले तर चार टक्के कमी. अठराच घ्या. दात बदलले की पिनियनचा व्यासही बदलतो, म्हणून मूळ बाहीत (स्लीव्हमध्ये) ती नीट जाळीत येते का हे हाताने फिरवून बघा. आवळून बसवलेली पिनियन काही दिवसांत दात झिजवते. हव्या त्या दातांची मिळाली नाही तर केबलच्या मध्ये बसणारी गिअरची डबी हा दुसरा मार्ग.

मीटर स्वतः खरं आहे का, हे आधी बघा. जपानी घडणीच्या बऱ्याच मीटरांच्या तबकडीवर बारीक अक्षरात ६३७ असतं. अर्थ असा की केबलचे ६३७ फेरे म्हणजे एक किलोमीटर, आणि मिनिटाला ६३७ फेरे दिले की काटा ६० वर. जुन्या केबलच्या आतल्या तारेचा वीतभर तुकडा ड्रिलच्या चकमध्ये धरा, चौकोनी टोक मीटरमध्ये घाला आणि लेझर टॅकोमीटरने ६३७ आरपीएम साधा. दिशा आधी चाक फिरवून पाहून घ्या, उलटं फिरवू नका. काटा ६० ऐवजी ५४ वर थांबला तर दोष मीटरचा, टायरचा नाही.

काटा नाचत असेल तर केबलला कुठेतरी तीव्र वळण आहे किंवा ती कोरडी पडली आहे. आतली तार बाहेर काढून गिअरबॉक्सकडच्या दोन-तृतीयांश भागालाच ग्रीसचा पातळ हात द्या. पूर्ण माखलीत तर ग्रीस तारेवरून चढत मीटरमध्ये जातं, आणि मग काटा परत खाली यायचं नाव घेत नाही.

घाटवाट_४बाय४

उत्तम. ५.८ भरतो. टायरच्या भिंतीवरच्या आकड्यांवर विसंबू की फेरा मोजू? आणि मित्राच्या जिम्नीला २१५/७५ आर१५ घालायचे आहेत, त्याला ही पेटी लागेल का?

स्पॅनर_१३

फेरा मोजा. एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या टायरांत काही मिलिमीटरचा फरक असतोच. टायर थंड, हवा रोजची, ड्रायव्हर सीटवर. वाल्व्ह बरोबर खाली आणून फरशीवर खडूची रेघ मारा, गाडी सरळ ढकलत पाच फेरे पूर्ण करा, दुसरी रेघ, टेपने अंतर. व्यासाला ३.१४ ने गुणून आलेल्या उत्तराशी ते जुळणार नाही, कारण वजनाने टायर दबतो. रेडियलला ३.०५ धरा. मूळ टायरचे पाच फेरे साधारण १०.५७ मीटर, तुमचे ११.१९ च्या आसपास यावेत. पाच-सात सेंमी इकडेतिकडे चालेल. मित्राला सांगा, जुने टायर उतरवण्याआधी त्यांचाही फेरा मोजून ठेव.

घरात ओबीडीचा (गाडीच्या तपासणी-सॉकेटमध्ये लागणारा) डोंगल असेल तर तेही पडताळा. बहुतेक गाड्यांत ओबीडीवरचा वेग काट्यासारखा फुगवलेला नसतो. जीपीएस भागिले ओबीडी केलं की टायरचा गुणक थेट हातात येतो. तुमच्याकडे काटा ८० ला ओबीडी ७७ दिसायला हवा. पेटीनंतरही त्याच खऱ्या वेगाला (जीपीएस ८१.५) ओबीडी ७७ च राहील, फक्त काटा ८० च्या पुढे जाईल; त्यात बिघाड शोधू नका.

२१५/७५ चा व्यास ७०३.५, फरक दीड टक्का. काट्याची राखीव जागा तेवढं सहज पचवते. आणि ए/टी टायरची नक्षी नव्याने दहा मिमी असली आणि दीडवर येईपर्यंत झिजली, तर व्यास १७ मिमीने घटतो, म्हणजे अडीच टक्के. दीड टक्क्यासाठी वायरिंग कापायचं कारण नाही. मित्राने पेटीचे पैसे स्टेपनीत घालावेत: पाचवा टायरही त्याच मापाचा हवा. एक चाक वेगळ्या मापाचं ठेवून डांबरी रस्त्यावर ४एच (चारही चाकांना ताकद) लावलं की पुढच्या-मागच्या ॲक्सलची ओढाताण होते आणि लिव्हर २एच मध्ये (दोनच चाकांना ताकद) परत यायला अडतो.