शब्दचर्चा : ‘सरवा’ म्हणजे दान का?

कृष्णाकाठ : सांगलीतल्या एका ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) कापणीच्या सणाला जमलेलं धान्य यंदा लिलावात न काढता वाटायचं ठरलंय. पाटीवर काय लिहायचं, इथं घोडं अडलंय. ‘दान’, ‘मदत’, ‘सेवा’ सगळं सुचवून झालं, मग कुणीतरी ‘सरवा’ म्हटलं. बायबलातल्या रूथच्या गोष्टीतला शब्द एवढं ठाऊक आहे. बोलीत नेमका अर्थ काय?

शाळू : काढणी झाल्यावर रानात राहिलेलं पीक म्हणजे सरवा, आणि ते वेचणं म्हणजेही सरवाच. कणसं खुडल्यावर कडब्यात चुकून राहिलेलं कणीस, भुईमुगाचे वेल उपटल्यावर मातीत तुटून राहिलेल्या शेंगा. ‘बाया सरव्याला गेल्यात’ म्हणजे खुरपं-पिशवी घेऊन दुसऱ्याच्या रानात शेंगा उकरायला गेल्यात. उसाला सरवा नसतो, त्यामुळं बागायती पट्ट्यात शब्द मागं पडला असावा.

जुनाकरार : बायबलातल्या ‘लेवीय’ १९:९-१० आणि ‘अनुवाद’ २४:१९-२१ या पुस्तकांतल्या ओळी एकत्र वाचा. हिब्रू परंपरेत गरिबांसाठी रानात सोडायच्या पिकाचे पाच प्रकार होतात. शेताचा न कापलेला कोपरा ‘पेआ’, कापताना हातातून पडलेली कणसं ‘लेकेत’, विसरलेली पेंढी ‘शिखहा’, द्राक्षांचे गळलेले मणी ‘पेरेत’ आणि ज्याला ना खांदा ना लोंबता शेंडा असा विरळ घड ‘ओलेलोत’. आपला सरवा यातल्या लेकेतच्या सगळ्यात जवळ.

पुढं मिश्ना या यहुदी नियमग्रंथात (इ.स. २०० च्या सुमारास) मापं ठरली. कोपरा निदान साठावा हिस्सा. एका वेळी एक-दोन कणसं पडली तर गरिबाची, तीन पडली तर मालकाची. हे हिल्लेल या धर्मगुरूच्या शिष्यांचं मत, दुसरा धर्मगुरू शम्माय याचे शिष्य तीनही गरिबालाच देतात. द्राक्षं काढताना वेलीखाली टोपली धरली तर ती गरिबाची चोरी! तासगावच्या बागायतदाराला हे समजावायला नको. खाली क्रेट ठेवला की एकही मणी मातीला लागत नाही.

मुख्य म्हणजे एकाला वेचू द्यायचं नि दुसऱ्याला नाही, किंवा कुणा एकालाच हात द्यायचा, हेही चोरीतच धरलंय. दान कुणाला द्यायचं ते देणारा ठरवतो. सरव्यात मालकाला तो अधिकारच नाही.

शब्दवेडी : कागदावर छान आहे. पण इथल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत सरवा हा शब्द पिढ्यान्‌पिढ्यांच्या वेठीसोबत आणि ‘उरलंसुरलं न्या’ म्हणणाऱ्या आवाजासोबत आलाय. पाटी वाचून म्हातारी माणसं रांगेतूनच परत फिरतील.

जुनाकरार : हरकत बरोबर आहे, ताई. रूथ परमुलखातली विधवा, तिलाही ‘वेचू द्या’ म्हणून आधी विनवणी करावी लागली होती. पण शेताचा मालक बवाज गडीमाणसांना काय सांगतो ते बघा (रूथ २:१५-१६): पेंढ्यांमधून मुद्दाम काही ओढून टाका, आणि तिला दटावू नका. संध्याकाळी झोडल्यावर एफाभर सातू निघाले, म्हणजे साधारण २२ लिटरचं माप. हे उरलंसुरलं नव्हतं.

पंक्तीतला : ‘सेवा’ही सोपा शब्द नाही. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ ६ मध्ये मराठीत ‘पंक्तिसेवा’ आहे, पंगतीत वाढण्याचं काम. मूळ ग्रीक शब्द ‘दियाकोनिया’च्या कुळातला, आणि त्याच अध्यायात वचनाच्या सेवेलाही ‘दियाकोनिया’च. वाढपी नि उपदेशक एकाच शब्दात! आता ‘सेवेत आहे’ म्हटलं की फक्त पाळक (मंडळीचा धर्मगुरू) डोळ्यांपुढं येतो. तिथली तक्रारही बघा: रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा सुटत होत्या. निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांचं सुटत होतं, वाटप त्यांच्याच लोकांकडं दिलं असं दिसतं.

‘दानधर्म’ मात्र इतका टाकाऊ नाही. मत्तय ६ च्या पहिल्या ओळीत ‘धर्माचरण’ आणि दुसऱ्या ओळीत ‘दानधर्म’ येतो. हिब्रूतल्या ‘सदाका’तही नीतिमत्त्व आणि गरिबाला देणं एकाच शब्दात आहे. मराठी जोडशब्दानं ते नकळत साधलंय.

शाळू : अनुवादमधल्या यादीत अनाथ, विधवा यांच्यासोबत ‘उपरी’ आहे, तो सोडू नका. आपल्याकडं मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची आणि उपऱ्याची मुदतीपुरती, म्हणजे गावात राहून गावाचा नसलेला. आजचा उपरी उसाच्या फडाशेजारी कोपीत (पाचटाच्या झोपडीत) राहतो. बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुराचं नाव मंडळीच्या यादीत कधीच नसतं.

त्याला पिशवी द्या, पण आधी रेशनचं बघा. कार्ड गावाकडचं असलं तरी आधार जोडलेलं असेल तर इथल्या रास्तभाव दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं. गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी त्यांच्यापुरतं उचललं असेल, तर उरलेलं इथं उचलता येतं. अंगठा उमटत नाही किंवा दुकानदार ‘बाहेरचं कार्ड’ म्हणून परत पाठवतो, तिथं सोबत एक माणूस हवा.

पंक्तीतला : वाटप बहुतेक वेळा वेळेवरून फसतं. द्राक्षछाटणीच्या दिवसांत दुपारी बोलावलं की बाईची हजेरी बुडते. पाच किलो शाळूसाठी दिवसाची मजुरी घालवायला कोण येईल? नावं मोठ्यानं वाचू नका, फोटो नको, पिशवीवर देणाऱ्याचं नाव नको. धान्य वाटायच्या आधी उन्हात घालून चाळा, भेटीदाखल आलेल्या जोंधळ्यात किडे निघतातच. आणि वजनाला दोघं ठेवा. प्रेषित पौलानंही गरिबांसाठीची वर्गणी पोचवताना एकट्यावर सोपवली नव्हती, कुणी बोट ठेवू नये म्हणून (२ करिंथ ८:२०).

शब्दवेडी : मग पाटीवर ‘वाटा’ लिहा. ‘माझा वाटा’ म्हणून मागताना कुणाची मान खाली जात नाही.

कृष्णाकाठ : ‘वाटा’ चालेल. त्याखाली फक्त वेळ घालतो : संध्याकाळी सातनंतर, काटा दारातच.