ऑटिझमची असेसमेंट : तिथे नेमकं काय काय करतात?

कराडची_आई: मुलगा पुढच्या महिन्यात ३ वर्षांचा होईल. हाक मारली तर वळून बघत नाही पण टीव्हीवर जाहिरात लागली की आतल्या खोलीतून पळत येतो. पाणी हवं असलं तर बोट नाही दाखवत, माझा हात धरून माठापाशी नेतो आणि तांब्यावर ठेवतो. आमच्या डॉक्टरांनी पुण्याला डेव्हलपमेंटल पिडियाट्रिशियनकडे (मुलांच्या वाढ-विकासाचे डॉक्टर) पाठवलंय, मंगळवारी जायचंय. सासूबाई म्हणतात ह्याचे बाबापण उशिराच बोलले. रक्त काढतात का, स्कॅन करतात का? तिथे तो रडला तर? दोन दिवस झाले त्याच्याकडून रंग, प्राणी पाठ करून घेतेय.

नीलिमा७९: ताई, आधी ते पाठांतर थांबवा. परीक्षा नाहीये ती, तो रोज जसा असतो तसाच त्यांना बघायचा असतो. ऑटिझम रक्तातून किंवा स्कॅनमध्ये दिसत नाही, मुलाला बघून आणि तुमच्याशी बोलूनच ठरवतात. माझ्या लेकीच्या वेळी मॅडम खाली चटईवर बसल्या, साबणाचे फुगे उडवले आणि मग बाटलीचं झाकण घट्ट लावून तिच्या हातात दिली, आता ही मदत मागते का, माझ्याकडे बघते का एवढंच बघत होत्या. तिने बाटली आपटली आणि भोकाड पसरलं, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मॅडम शांतपणे लिहीत होत्या. तुम्हाला गरोदरपणापासून सगळं विचारतील, मान कधी धरली, पहिला शब्द कधी आला, येत असलेले शब्द मधेच गेले का. माठाचं लिहिलंय ना, तसेच दोन-तीन व्हिडिओ काढून न्या, फार उपयोग होतो.

सोहमचे_बाबा: कानाची तपासणी सांगतीलच, बेरा म्हणतात तिला. डोक्याला तारा चिकटवतात, दुखत नाही, पण मूल गाढ झोपलेलं लागतं. आम्ही सोहमला पहाटे ४ ला उठवलं आणि गाडीत अजिबात झोपू दिलं नाही. पुढे दिव्यांग सर्टिफिकेट काढायची वेळ आली तर ऑटिझम किती आहे ते मोजायला इसा नावाचा स्केल भरतात, आपल्याकडेच बनवलेला, ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ मार्क, ७० च्या खाली आलं तर ऑटिझम नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे त्यामुळे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. पण तो नंतरचा विषय, आत्ता त्याचं टेन्शन घेऊ नका.

नीलिमा७९: हो आणि एका भेटीत निदान झालं नाही तर घाबरू नका, आम्हाला तीनदा जावं लागलं. पहिल्या एका ठिकाणी दहा मिनिटांत "काही नाही, होईल बोलायला" म्हणून घरी पाठवलं होतं, त्यात आमचं वर्ष गेलं ह्याचं अजून वाईट वाटतं. स्पीच थेरपीला रिपोर्टची वाट बघायची गरज नसते, मंगळवारीच विचारून घ्या.

कराडची_आई: खूप आभार दोघांचे. माठाचा व्हिडिओ आज संध्याकाळी काढला. तो त्याची लाल गाडी सोडतच नाही, चाकं फिरवत बसतो, ती बरोबर नेऊ का?

नीलिमा७९: न्या की. आणि खाऊपण घ्या, बराच वेळ जातो.