मदत हवी आहे: अक्कलकाऱ्याची फुलं वाळवल्यावर चुणचुण जाते

गॅलरीत बारा इंची कुंडीत अक्कलकारा आहे. पाकळ्या नसलेली, पिवळ्या बोंडासारखी फुलं आणि मधोमध तपकिरी-लाल ठिपका, तोच. (काष्ठौषधीच्या दुकानात याच नावानं मिळणारं वाळकं मूळ वेगळ्या झाडाचं, ते नको.) ताजं बोंड चावलं की काही क्षणांत जिभेला मुंग्या येतात, तोंडात लाळ सुटते, मग हिरडी बधिर. आईची दाढ ठणकते तेव्हा तिला याने खरंच बरं वाटतं. डॉक्टरांनी दाढ काढायची तारीख दिली आहे, तोवरच्या तात्पुरत्या आरामासाठीच हे हवंय.

अडचण अशी की सध्या फुलं भरपूर आहेत, पण थंडीत झाड मान टाकतं, मागच्या वर्षी तर पार गेलं. म्हणून साठवायचा प्रयत्न केला. कडक उन्हात दोन दिवस वाळवली, तर नुसती गवताची चव. सावलीत कागदावर आठवडाभर ठेवली, थोडी चुणचुण उरली, पण अर्ध्या बोंडांना आतून बुरशी. बोंड जाड असल्यानं मधला भाग ओला राहतो, हे फोडून पाहिल्यावर कळलं.

कुंडीला सकाळचं तीन तास ऊन, पाणी रोज. फवारणी काहीच नाही. आईला मधुमेह आहे, त्यामुळे मधात घालून ठेवणं बाद.

तर बोंडं चिरून सावलीत वाळवावीत, की ताजीच फ्रीजरमध्ये ठेवावीत? ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांच्याकडे चुणचुण किती महिने टिकली?